मूठभर वाळू

दोन वर्षांपूर्वीच्या हरतालिकेची गोष्ट. आदल्या संध्याकाळी मी मंडईतून पूजेचे सामान घेऊन घरी आलो. पत्री होती, फुले होती, काकडी होती, आणि एका पारदर्शक पिशवीत बांधलेली पावशेर वाळू होती. हरतालिकेला महादेवाची पिंडी वाळूची करावी लागते, हे वाचकांना सांगायला नकोच. परंतु ती वाळू आता अशी पिशवीत भरून, वर लाल दोरा बांधून विकायला येते, हे निदान मला तरी नवीन होते. वीस रुपये टाकले आणि वाळू पदरात पडली. शहरात राहण्याचे हे एक सुख आहे. येथे काही शोधावे लागत नाही. नुसते विकत घ्यावे लागते.

आमच्या घरी पूजा सौ. करते, पण पिंडी करण्याचा मान अजून आईचा आहे. तिने पिशवी सोडली, चिमूटभर वाळू तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि पिशवी माझ्यापुढे सरकवली.

“ही वाळू नव्हे.”

“मग काय आहे?”

“कच आहे. दगडाची कच. बोटाला टोचते बघ.”

मी बोट लावले. टोचत होती हे खरे. पण बाजारातून आणलेली वस्तू चुकीची निघाली की प्रत्येक कर्ता पुरुष जे करतो, तेच मीही केले. “वाळू ती वाळू,” असे म्हणून मी वर्तमानपत्र उघडले. आईने वाद घातला नाही. तिने त्याच पुडीची पिंडी केली, पूजा झाली, जागरण झाले. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा आटोपल्यावर मात्र ती म्हणाली, “पुढच्या वर्षी नदीची वाळू आण. उन्हाळ्यातच आणून ठेव. भाद्रपदात नदी भरलेली असते.”

मूठभर वाळू आणायची! इतके सोपे काम आईने मला उभ्या आयुष्यात सांगितले नसेल, असे त्या वेळी मला वाटले.

आईचे बोट खरे ठरले, हे मला चारच दिवसांत कळले. आमच्या कोपऱ्यावर एक इमारत उभी राहते आहे. तेथल्या मिस्त्रीला मी पिशवीतला नमुना दाखवला. त्यानेही आईसारखीच चिमूट चोळली आणि म्हणाला, “क्रश सँड आहे, साहेब. आता सगळीकडे हीच.” डोंगराचा काळा दगड यंत्रात चिरडायचा, चाळायचा, धुवायचा, की झाली ही कृत्रिम वाळू. ताज्या फुटलेल्या दगडाला कोपरे असतात. ते आईच्या बोटाला टोचले. नदीच्या वाळूचे तसे नाही. सह्याद्रीत फुटलेला दगड पावसाळ्यामागून पावसाळे घरंगळत, आपटत, झिजत खाली येतो. वाटेत त्याचे तीक्ष्ण कोपरे जातात, पण सगळा खडबडीतपणा जात नाही, आणि सिमेंट धरते ते त्या उरलेल्या खडबडीतपणालाच. उलट, वाऱ्याने वर्षानुवर्षे उडवलेली मरुभूमीची वाळू इतकी गोल आणि गुळगुळीत असते, की बांधकामाला ती कुचकामी ठरते. म्हणून तर दाराशी वाळूचा समुद्र असूनही दुबईला बांधकामासाठी परदेशातून वाळू आणावी लागली.

या वाळवंटावरून एक आठवण झाली. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकदा संतकाव्याच्या तासाला पंढरीच्या वाळवंटात जमणाऱ्या वैष्णवांविषयी मी बरेच रंगून बोललो. पुढे चाचणीच्या उत्तरपत्रिकेत एका मुलाने लिहिले, की संत नामदेवांच्या काळी पंढरपूरला वाळवंट होते, आणि नंतर उजनी धरणामुळे तो भाग हिरवागार झाला. मी ती उत्तरपत्रिका प्राध्यापकांच्या खोलीत वाचून दाखवली आणि आम्ही सारे पोट धरून हसलो. रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर मनात आले, की त्या बिचाऱ्याने चूक ती काय केली? भूगोलाच्या पुस्तकात वाळवंट म्हणजे सहारा, राजस्थान आणि उंट. नदीच्या पात्रात पसरलेल्या वाळूलाही वाळवंटच म्हणतात, हे त्याला कोठून कळावे? तशी नदी त्याने पाहिलीच नव्हती. शब्दाचा अर्थ कोशात राहतो असे आम्ही भाषेचे मास्तर समजतो. खरे म्हणजे तो वस्तूत राहतो. वस्तू गेली, की शब्द उंटावर बसून दुसऱ्या मुलखात निघून जातो.

मी ते वाळवंट पाहिले आहे. उजनीच्या खाली आणि पंढरपूरच्या वर, भीमेच्या काठी आमचे गाव. वडील तेथे शाळामास्तर होते. माझे बालपण तेथेच गेले. होळी झाली की नदी अंग आखडून घ्यायची. एका काठाने पाण्याची धार वाहायची आणि बाकीचे सगळे पात्र म्हणजे नुसती वाळू. दुपारी तिच्यावर पाय ठेवण्याची सोय नव्हती. आम्ही पोरे पंचा पुढे टाकायचो, त्यावर उभे राहायचो, पुन्हा तो पुढे टाकायचो, आणि असे उड्या मारत पाण्यापर्यंत पोचायचो. रात्री तीच वाळू इतकी गार व्हायची, की घरची अंथरुणे सोडून मोठी माणसेही तिच्यावर येऊन पडायची.

प्यायचे पाणी आम्ही त्या वाहत्या धारेचे कधी घेतले नाही. धारेपासून दूर वाळूत हात-दोन हात उकरायचे. त्याला झिरा म्हणत. आधी गढूळ पाणी यायचे. ते वाटीने उपसून टाकले, की मग खालून हळूहळू जे पाणी वर येई, त्यात आपले तोंड दिसावे. आई त्या झिऱ्यावर घागर भरायची. येताना कधी ओटीत वाळूही आणायची. आमच्या स्वयंपाकघरात एका कुंडीत वाळू असे आणि तिच्यात आले पुरून ठेवलेले असे. आठवड्याच्या बाजारात भडभुंजा कढईत वाळू तापवून फुटाणे भाजायचा. आणि ज्येष्ठात, पहिला पूर येण्याच्या आधी, हरतालिकेची वाळू आणून, धुऊन, वाळवून मडक्यात भरून ठेवायची, हा गावातल्या बायकांचा शिरस्ता होता.

वाळूतच भोईआबांची वाडी असे. थंडीत पाणी ओसरू लागले, की ते वाळूत ओळीने खड्डे घेत, शेणखत घालत, आणि कलिंगडाच्या बिया लावत. उन्हाळ्यात त्या उघड्या वाळूवर हिरवे वेल पसरलेले पाहून परक्या माणसाला नवल वाटे. पण वेलाला खालचा ओलावा ठाऊक असे. वाडीतले पहिले कलिंगड मास्तरांच्या घरी पोचते व्हायचे. आबा त्याचे पैसे घेत नसत. वडीलही त्यांच्या मुलांची वही-पेन्सिल आपल्या पदरची देत.

हे सगळे असे होते, आणि हे सगळे मला माहीत होते. तरी पुढची गोष्ट घडली, म्हणून ती सांगायची.

२००९ साली मी पुण्याच्या एका टोकाला घर बांधायला काढले. लग्न नुकतेच झाले होते, नोकरी कायम झाली होती आणि कर्ज मंजूर झाले होते. मध्यमवर्गीय माणसाला एवढ्या तीन गोष्टी एकदम लाभल्या, की त्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत. पाया झाला आणि एके दिवशी ठेकेदाराने मला विचारले, “सर, वाळू दिवसाची आणू की रात्रीची?”

मी बुचकळ्यात पडलो. तांदळात जुना आणि नवा असतो, तसा वाळूतही काही प्रकार असावा, असे वाटले. “चांगली कुठली?” असे मी विचारले.

“वाळू एकच, सर. दिवसाचीला पावती असते. रात्रीची स्वस्त.”

आता मला कळले. माझ्या जागी आपण असता तर काय केले असते, हे मी विचारत नाही. मी काय केले ते सांगतो. मी रात्रीची आणायला सांगितली. एवढेच नव्हे, तर गावच्या चुलतभावाला फोन करून आपल्याच गावची वाळू मिळेल असे पाहिले. चौदा ब्रास वाळू लागली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रात्री दोनच्या सुमारास ट्रक यायचे, अंगणात ढीग पडायचा, आणि सकाळी मी त्या ढिगावर अनवाणी उभा राहायचो. पायांना ओळख पटत असे. आईला तर केवढे कौतुक! गावची नदी घराच्या भिंतीत आली, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. वाचलेल्या पैशांतून मी सागवानी पुस्तकांचे कपाट करून घेतले. संतांच्या गाथा आणि शब्दकोश आज त्याच कपाटात उभे आहेत. आपण कोणाचे काही घेतले आहे, असे मनाला शिवलेही नाही. नदीची वाळू! ती काय कोणाच्या बापाची असते?

तर आईने सांगितलेली मूठभर वाळू आणायला मी गेल्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो. बरोबर एक कापडी पिशवी घेतली होती.

भोईआबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. लिंबाखाली बाजेवर बसले होते. “या मास्तर,” म्हणाले. वडिलांना ते मास्तर म्हणत. वडील गेल्यावर तेच नाव त्यांनी मला दिले.

“आबा, थोडी वाळू न्यायला आलो. हरतालिकेला पाहिजे. आईने सांगितलंय.”

“बाईस्नी सांगा, वाळू न्हाई आता. गाळ हाय.”

मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. ते उठले, काठी घेतली, आणि मला नदीवर घेऊन गेले.

काठ ओळखू येईना. पूर्वी उतार होता तेथे उभी दरड झाली होती आणि दरडीतून बाभळीची मुळे लोंबत होती. पात्रात वाळू नव्हती. कोठे काळा खडक उघडा पडला होता, कोठे चिखल होता, आणि मध्ये मध्ये हिरव्या पाण्याचे खड्डे होते. एकेका खड्ड्यात आमची शाळा बुडाली असती. त्या बाजूला पोरांना कोणी फिरकू देत नाही. धरणातून पाणी सोडले, की वरून सगळे सारखे दिसते आणि पोहणाऱ्याच्या पायाखालची जमीन एकाएकी सुटते. पंढरपुरात वारीला आलेले कोणी अशा खड्ड्यात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. वाचून पान उलटतो.

“हे केव्हा झालं, आबा?”

“एकदम कुठं व्हतंय? आधी फावड्यानं भरायचे. बाया घमेली उचलून द्यायच्या. दिसाकाठी चार-दोन ट्रॅक्टर. तवर नदीला कळत नव्हतं. पावसाळा आला की खड्डा भरून निघायचा. मग जेसीबी आला. मग बोटी आल्या. बोटीवर यंत्र, खाली पाइप. पाण्याच्या तळातनं वाळू वडायची. रातभर घरघर चालायची. आमच्या वाडीयेवढं पात्र एका हप्त्यात गेलं.”

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “तुमच्या घराला गेली ती बी हितलीच की. माझ्या थोरल्यानं भरली. वाडी गेली, मग काय करावं त्यानं? वेल लावायचं ते वाळूत. वाळूच चालली म्हणल्यावर तीच भरायला गेला. खेप भरली की रोख पैसं.” मग माझ्याकडे बघून, एखादी चांगली बातमी द्यावी तसे ते म्हणाले, “मास्तरच्या घराची हाय म्हणून चाळून भरली बरं का त्यानं. माती येऊ दिली न्हाई.”

त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

परत फिरलो तेव्हा वस्तीवर टँकर आला होता. बायका-पोरांची एकच धांदल उडाली होती. बारा हजार लिटरचा टँकर, असे कोणीतरी म्हणाले. नदीकाठच्या वस्तीला पाण्याचा टँकर! पण त्यात नवल नव्हते. नदीकाठच्या विहिरींना पाणी देत होती ती नुसती धार नव्हे. धार दिसेनाशी झाल्यावरही वाळूच्या पोटात राहिलेले पाणी विहिरींना मिळत होते. वाळू ही नदीची घागर. ती गेली, तशा विहिरी खाली गेल्या.

परतीच्या एस.टी.त मी तिकिटाच्या पाठीवर एक हिशेब मांडला. मराठीच्या मास्तराचा हिशेब, ढोबळच समजावा. वाळूच्या कणाकणांत जी पोकळी असते, तिच्यात पाणी साठते. शंभर घागरींच्या जागेत वाळू भरली, तर तिच्यात तीसेक घागरी पाणी सहज मावते. चौदा ब्रास म्हणजे जवळजवळ चाळीस घनमीटर. त्याचे तीस टक्के म्हणजे बारा घनमीटर. म्हणजे बारा हजार लिटर.

मी आकडा पुन्हा तपासला. बरोबर एक टँकर! माझ्या घराच्या भिंतींत गावचा एक टँकर चिणला गेला होता. तोही एका वर्षाचा नव्हे. ती वाळू नदीत राहिली असती, तर दर पावसाळ्यात ती तेवढी भरली असती, आणि दर उन्हाळ्यात तिने तेवढे पाणी दिले असते. घराला आता पंधरा वर्षे होऊन गेली आहेत. पुढचा गुणाकार मी केला नाही.

पुण्याला आल्यावर मास्तराचा स्वभाव जागा झाला आणि मी ग्रंथालयात जाऊन बसलो. तेथे कळले, की आमच्या गावचे दुखणे साऱ्या जगाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२२ साली एक अहवाल काढला. माणूस दर वर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतो. एवढ्यात पृथ्वीभोवती २७ मीटर रुंद आणि २७ मीटर उंच भिंत फिरवता येईल, असे त्यात म्हटले आहे. पाण्याच्या खालोखाल माणूस सर्वांत जास्त काय वापरत असेल, तर ही वाळू आणि खडी. आपल्याकडे मात्र १९५७ च्या खाणकायद्यात साध्या वाळूची गणना ‘गौण खनिजा’त केली आहे. कायद्याच्या दृष्टीने तो शब्द बरोबर असेल. पण गौण म्हटले, की माणूस तिकडे लक्ष देत नाही, हा भाषेचा गुण आहे.

लक्ष देणारी माणसे नव्हती असे नाही. मुंबईच्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर २००४ साली अलिबागजवळच्या किनाऱ्यावर वाळू चोरणाऱ्यांनी हल्ला केला. त्या डगमगल्या नाहीत, आणि पुढे तो प्रश्न उच्च न्यायालयात घेऊन गेल्या. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका खटल्यात सांगितले, की पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यातून वाळू काढायची असली, तरी पर्यावरण खात्याची परवानगी घेतली पाहिजे. त्यापूर्वी मोठ्या पट्ट्याचे लहान लहान तुकडे पाडून नियमातून निसटता येत असे. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही परवानगीवाचून होणारा उपसा थांबवायला सांगितले. आपल्या राज्याची वाळूची धोरणे तर वरचेवर बदलली. कधी लिलाव, कधी सरकारी डेपो. २०२३ साली सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले. २०२५ साली कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचे ठरले. मधून मधून महसूल खात्याचे लोक उजनीच्या पाण्यात बोटी पकडतात आणि जिलेटिन लावून उडवून देतात. वर्तमानपत्रात धुराचे छायाचित्र येते.

यात सोपे उत्तर नाही. नदीचा खड्डा पूर्वी पावसाळ्यात भरून निघे, असे आबा म्हणाले ते खरे. पण आता वरची वाळू धरणाच्या भिंतीपाशी अडते. उजनी १९८० साली पुरी झाली. तिने आमच्या जिल्ह्याला ऊस दिला, पाणी दिले. तिला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण गाळ वरच ठेवून रिकाम्या हातांनी खाली आलेले पाणी भुकेले असते. ते आपलाच तळ आणि आपलेच काठ खाते. अशा नदीतून एक घमेले काढले, तरी ते शिलकीतून जात नाही, मुदलातून जाते. मग नदीऐवजी डोंगर फोडायचा म्हटले, तर डोंगरही कोणाच्या तरी गावचा असतो. आणि घर तर सर्वांनाच हवे. भोईआबांच्या नातवाला घरकुल मंजूर झाले आहे. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची सरकारी तरतूद आहे. ज्याच्या आजाने वाळूत कलिंगडे पिकवली, तो आता वाळूसाठी अर्ज घेऊन तहसिलात खेपा घालतो आहे.

मी रिकामी पिशवी घेऊन परतल्याचे पाहून आई काही बोलली नाही. नदीचे मी जेवढे सांगण्यासारखे होते तेवढे सांगितले. थोरल्याने चाळून वाळू भरल्याचे मात्र तिला सांगवले नाही.

श्रावणात घराच्या मागच्या बाजूची अडगळ काढताना पाण्याच्या टाकीखाली एक पोते सापडले. अर्धे फाटलेले, वर कोळिष्टके. आत वाळू होती. घर बांधताना उरलेली. मी ती मुठीत घेतली. ओलसर, गार, बोटांतून सरकणारी. आईला नेऊन दाखवली. तिने अंगठ्याने चोळली आणि तिचा चेहरा उजळला. “ही खरी,” ती म्हणाली. “कुठं मिळाली?”

“घरातच होती,” मी म्हटले.

गेल्या हरतालिकेला त्या वाळूची पिंडी झाली. माझी मुलगी आजीजवळ बसून ती करायला शिकली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, “ही भीमेतच जाऊ दे. तिची आहे.” तिला काही कळले होते की काय, देव जाणे. मी विचारले नाही.

नवरात्रात मी ती वाळू एका डब्यातून गावी नेली. नदीला पाणी होते. दरडीवरून मी ती सोडणार, तोच मागून आबांची हाक आली. “हितनं नगा टाकू, मास्तर. धारेला लागंल, ऱ्हायची न्हाई. त्या वळणाला टाका, तिथं पाणी संथ हाय.” मग ते स्वतःच काठी टेकत पुढे झाले आणि मला वळणापर्यंत घेऊन गेले. साठ टन नेली होती, आणि मूठभर परत आणली होती. ती पाण्यात पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. आबा म्हणाले, “बाईस्नी सांगा, पोचली.”

पोत्यात अजून वाळू आहे. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतली मुले अंगणात किल्ला करीत होती. कोणी माती आणली, कोणी विटा आणल्या, मावळे आणले. माझ्या मुलीने त्यांना पोत्याची बातमी दिली असावी. चार-पाच जण दारात येऊन उभे राहिले. “काका, किल्ल्याला थोडी वाळू द्याल?”

मी दोन घमेली काढून दिली. पण ती उचलून मुले निघाली, तेव्हा मी त्यांना थांबवले. “दिवाळी झाली, की परत आणून द्यायची हं.”

मुले एकमेकांकडे बघू लागली. वाळू कोणी परत मागते का, असे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मी त्यांना दोष देत नाही. त्या वयाहून चांगला मोठा असताना, चौदा ब्रासच्या ढिगावर उभा राहूनही, मला तो प्रश्न पडला नव्हता.

पण तुळशीचे लग्न झाल्यावर ती मुले खरोखरच आली. वाळूत थोडी माती मिसळली होती, एक मोडका मावळाही होता. मुलीने मागच्या अंगणात बसून ती सगळी चाळली आणि पुन्हा पोत्यात भरली.